पारा चढतो तेव्हा

‘उगाच माझं बीपी वाढवू नकोस’ हे वाक्य आज भोसरीच्या एमआयडीसीत कोणीही कोणालाही ऐकवतो. सुपरवायझर ऑपरेटरला, ऑपरेटर हेल्परला आणि घरी गेल्यावर आई शाळकरी पोराला. बोलणाऱ्याने दाब मोजलेला नसतो. मला राग येतो आहे आणि त्याची किंमत माझे शरीर मोजते आहे, एवढेच त्याला सांगायचे असते. मराठीला ही कल्पना नवी नाही. भीतीने आपल्या पोटात गोळा येतो, संतापाने तळपायाची आग मस्तकात जाते, काळजीने रक्त आटते. पण गोळा काय, आग काय, ज्याची त्यालाच कळणार. दाब मात्र दुसऱ्याला वाचता येतो, कागदावर टिपता येतो, औषधाआधी आणि औषधानंतर ताडून पाहता येतो. ‘पारा चढला’ हा आधी नुसता वाक्प्रचार होता. पुढे रक्तदाबाच्या यंत्रातल्या काचेच्या नळीत तो खरोखर चढताना दिसू लागला. भावनेकडे पाहण्याची रीत तेव्हापासून पालटली, आणि त्या पालटाचा एक मोठा भाग लोणावळा आणि मुंबई या दोन गावांत, 1924 ते 1969 या काळात घडला. या पंचेचाळीस वर्षांच्या हकिकतीतून एक गोष्ट ठसते. भावनांचे मूळ शरीरात आहे हे जसजसे सिद्ध होत गेले, तसतसे हेही उघड होत गेले की ते शरीर कोणत्या भाराखाली आहे हे विचारल्याशिवाय पाऱ्याचा आकडा अर्धाच वाचला जातो.

हकिकतीची सुरुवात यंत्रापासून करायला हवी. दंडाला पट्टा बांधून पाऱ्याच्या उंचीवर दाब मोजण्याची युक्ती इटलीच्या रिव्हा-रोची याने 1896 मध्ये काढली. पट्ट्याखाली नाडीचे ठोके ऐकून वरचा आणि खालचा असे दोन आकडे घेण्याची पद्धत रशियाच्या कोरोत्कोव्ह याने 1905 मध्ये तिला जोडली. भावना आणि रक्त यांची गाठ मात्र हार्वर्डच्या वॉल्टर कॅननने घातली. 1911 मध्ये त्याने केलेला प्रयोग आजही डोळ्यांपुढे उभा करता येतो. शांत बसलेल्या मांजराच्या, मूत्रपिंडावरच्या ग्रंथींजवळच्या शिरेतून थोडे रक्त घेतले. मग त्याच मांजरापुढे भुंकणारा कुत्रा आणला आणि पुन्हा रक्त घेतले. दुसरीकडे आतड्याच्या स्नायूची एक पट्टी द्रवात टांगलेली होती. ती आपल्या लयीत आकसत होती, सैल होत होती. शांत मांजराचे रक्त लावले तरी तिची लय चालूच राहिली. घाबरलेल्या मांजराचे रक्त लावताच पट्टी सैल पडून थांबली. कुत्रा त्या पट्टीने पाहिला नव्हता, भीती तिला वाटण्याचा प्रश्नच नव्हता. तरी भीतीचा निरोप रक्तातून तिच्यापर्यंत पोचला होता. तो निरोप म्हणजे अ‍ॅड्रेनलिन. वेदना, भूक, भय आणि क्रोध यांत शरीरात काय घडते यावर कॅननने 1915 मध्ये ग्रंथ लिहिला. हृदय जोरात धडधडते, पचन थांबते, साखर रक्तात येते; झुंजायचे किंवा पळायचे, या दोहोंसाठी तयारी एकच असते, असे त्याने दाखवले.

याच सुमारास बडोद्यात जगन्नाथ गणेश गुणे नावाचा संस्कृतचा अभ्यासक वेगळ्याच वाटेने त्याच प्रश्नाकडे निघाला होता. 1883 मध्ये डभोईला जन्मलेल्या गुण्यांनी राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात शरीर घडवले होते आणि नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदासांकडे योग शिकला होता. पुढे ते स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखले गेले. पूर्वसुरींनी लिहिले म्हणून खरे, ही भूमिका त्यांना मान्य नव्हती आणि सायबाला कळत नाही म्हणून खोटे, हीही नव्हती. 1920 नंतर बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी उड्डियान आणि नौली या योगक्रिया करणाऱ्यांच्या पोटाची क्ष-किरणांनी तपासणी केली, आतड्यातला दाब मोजला, आणि नौलीच्या वेळी तो बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो हे दाखवले. योगी गुदद्वाराने पाणी वर ओढतो यामागे चमत्कार नसून दाबातला हा फरक आहे, हा त्याचा अर्थ. गुरूच्या स्मरणार्थ त्यांनी या घटनेला माधवदासांचे नाव दिले. 1924 च्या दसऱ्याला लोणावळ्यात कैवल्यधाम उभे राहिले आणि त्याच वर्षी ‘योग-मीमांसा’ हे नियतकालिक निघाले. एक पान आसनाच्या छायाचित्राचे तर पुढचे पान प्रयोगातल्या आकड्यांच्या तक्त्याचे, असा त्याचा थाट होता. सर्वांगासन आणि मत्स्यासन करताना रक्तदाबाचे काय होते, हे त्यांनी मोजून त्यात छापले. आसन करणाऱ्याला काय वाटले हा प्रश्न बाजूला ठेवून पाऱ्याला काय वाटले हे आधी विचारणे, हे त्या काळात धाडसाचे होते.

या आकड्यांना सार्वजनिक महत्त्व यायला फार दिवस लागले नाहीत. मार्च 1927 च्या अखेरीस खादीच्या दौऱ्यावर असलेले गांधीजी कोल्हापूर-निपाणीच्या टप्प्यात कोसळले. सततचा प्रवास, सभा आणि अपुरी विश्रांती यांनी त्यांचा रक्तदाब भयसूचक पातळीवर गेला होता. डॉक्टरांनी दौरा थांबवायला लावला. आधी सावंतवाडी संस्थानातल्या आंबोलीच्या थंड हवेत आणि नंतर म्हैसूरच्या नंदी टेकडीवर त्यांना विश्रांती घ्यावी लागली. त्या काळात कुवलयानंदांशी त्यांचा आसनांविषयी पत्रव्यवहार झाला. काय केले आणि दाबाचे काय झाले, हे गांधीजी आपल्या सवयीप्रमाणे बारकाईने कळवत. इथे एक प्रश्न रास्त आहे: दाब उतरला असेल तर तो आसनांनी, की आंबोलीच्या गारव्याने, की सभा बंद झाल्यामुळे? एका रुग्णावरून हे ठरवता येत नाही, आणि गांधीजींची ही हकिकत योगाचा पुरावा म्हणून सांगणारे नेमके हेच विसरतात. पण तिच्यातून दुसरी गोष्ट निर्विवाद कळते. डॉक्टरांनी गांधीजींचे शरीर दुरुस्त करायला घेण्याआधी त्यांचे वेळापत्रक मोडले. भार आधी उतरवला, मग माणसाकडे पाहिले. हा क्रम पुढच्या काळात कसा उलटा झाला, हे पाहण्याजोगे आहे.

तो उलटण्यात एका शब्दाचा हात आहे. माँट्रिऑलमध्ये हान्स सेल्ये हा तरुण संशोधक उंदरांना वेगवेगळ्या प्रकारे छळत होता: थंडी, इजा, अति श्रम, विषारी द्रव्ये. छळ कोणताही असो, उंदराच्या शरीरात तीच तीन चिन्हे दिसत. मूत्रपिंडावरच्या ग्रंथी फुगत, थायमस ग्रंथी आकसे, जठरात व्रण पडत. जुलै 1936 मध्ये ‘नेचर’मधल्या एका पानाहून छोट्या टिपणात त्याने हे मांडले. पुढे या अवस्थेला त्याने ‘स्ट्रेस’ हा शब्द दिला आणि तो जगभर गेला. शब्द धातूंच्या शास्त्रातला होता, आणि भोसरीच्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये त्याची गफलत चटकन ध्यानात येईल. सळईवर टाकलेला भार वेगळा आणि त्या भाराने सळईत होणारा पालट वेगळा. सेल्येच्या शब्दाने दोन्हींना एकाच पोत्यात भरले, आणि रोजच्या बोलण्यात तर तो माणसाच्या अवस्थेलाच चिकटला. मराठीत आपण ‘ताण आला’ म्हणू लागलो. कोणी आणला, हे वाक्यातून गळून गेले.

भार तसाच ठेवून माणसालाच शांत करता येईल का, याचे पहिले मोठे उत्तर मुंबईतून आले आणि तेही एका मुळीतून. सर्पगंधा कोकणात आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी उगवते. बिहारकडे तिचे मूळ वेडाचे औषध म्हणून पिढ्यानपिढ्या दिले जाई. 1931 मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि वाढलेला रक्तदाब या दोन्हींवर तिचा गुण येतो असे लिहिले. त्याच वर्षी दिल्लीत सिद्दिकी आडनावाच्या दोन संशोधकांनी तिच्यातली अल्कलॉइडे वेगळी काढली. ही सगळी माहिती देशी नियतकालिकांतच राहिली असती. ती जगापुढे नेली केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. बरीच वर्षे सर्पगंधा वापरून पाहिल्यावर त्यांनी रक्तदाबाचे 50 रुग्ण निवडले, पद्धतशीर नोंदी ठेवल्या आणि 1949 मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये लेख प्रसिद्ध केला. बहुसंख्य रुग्णांचा दाब उतरला होता. त्या काळी वाढलेल्या रक्तदाबावर खात्रीची गोळी जवळजवळ नव्हतीच. मीठ तोडणे आणि फार झाले तर मज्जातंतू कापण्याची शस्त्रक्रिया करणे, एवढेच उपाय होते. बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्सने लेख वाचून मुळी मागवली. 1952 मध्ये बाझेलच्या सिबा कंपनीच्या रसायनज्ञांनी तिच्यातला मुख्य घटक वेगळा केला आणि त्याला रेसर्पिन असे नाव दिले.

रक्तदाबासाठी दिलेल्या या औषधाने मग दुसरेच दार उघडले. ते घेणारे रुग्ण निवांत होत. प्रयोगशाळेत चावायला धावणारी ऱ्हीसस माकडे रेसर्पिननंतर हात लावू देत. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉकलंड मनोरुग्णालयात नेथन क्लाइन याने 1954 मध्ये ते मनोरुग्णांवर वापरल्याचे प्रसिद्ध केले. त्याच सुमारास उलटी बाजूही दिसली. जास्त मात्रेत दीर्घकाळ रेसर्पिन घेणाऱ्या काहींना गाढ खिन्नतेने ग्रासले. 1955 मध्ये अमेरिकेत बर्नार्ड ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेत याचा धागा सापडला. रेसर्पिनने मेंदूतले सेरोटोनिन ओसरत होते. 1957 मध्ये स्वीडनच्या अर्विद कार्लसनने रेसर्पिनने गळाठून बसलेल्या सशांना, डोपामिन ज्यापासून बनते ते एल-डोपा टोचले आणि ते पुन्हा हालचाल करू लागले. या वाटेवरच्या कामाबद्दल त्याला 2000 साली नोबेल मिळाले. यंत्रणा अशी: मज्जातंतूच्या टोकाला नॉरअ‍ॅड्रेनलिन, डोपामिन, सेरोटोनिन ही द्रव्ये इवल्याशा पिशव्यांत साठवलेली असतात. रेसर्पिन या पिशव्या भरू देत नाही. रक्तवाहिन्यांकडे जाणाऱ्या तंतूंतला साठा संपला की दाब उतरतो, मेंदूतल्या तंतूंतला संपला की चित्ताची धग कमी होते. एकच मुळी वेडावर आणि दाबावर का चालते, या वैद्यांच्या जुन्या अनुभवाचा हा खुलासा होता. राग आणि रक्तदाब यांचे नाते केवळ उपमेचे नव्हते. दोन्हीकडे एकाच जातीचे रसायन होते. 1957 चे लास्कर पारितोषिक ज्यांना मिळाले त्यांत क्लाइन होते आणि मुंबईचे डॉ. वकीलही.

यावरून भावना म्हणजे केवळ रसायने, असा निष्कर्ष अनेकांनी घाईने काढला. खिन्नता म्हणजे मेंदूतल्या एखाद्या द्रव्याची कमतरता, हे सुटसुटीत सूत्र त्याच घाईतून रूढ झाले. पण रेसर्पिनचा पुरावाच इतका सरळ नव्हता. ते घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना खिन्नता आली नाही, आणि लंडनमध्ये 1955 साली झालेल्या एका चाचणीत चिंताग्रस्त, उदास रुग्णांना त्याने उलट बरेच वाटले. या सूत्राला त्याहून जुना एक आक्षेप स्पेनच्या ग्रेगोरिओ मारान्योनने नोंदवून ठेवलेला होता. कैवल्यधाम उभे राहिले त्याच 1924 मध्ये त्याने 210 रुग्णांना अ‍ॅड्रेनलिन टोचल्याचे निष्कर्ष छापले. बहुतेकांनी छाती धडधडते, हात कापतात एवढेच सांगितले. काहींनी भ्याल्यासारखे वाटते आहे म्हटले, पण भीती मात्र नाही. खरी भावना थोड्यांनाच जाणवली, आणि तीही विशेषतः आधी एखाद्या दुःखाचा विषय निघाला असेल तेव्हा. रक्तात भीतीचे सगळे साहित्य होते, कुत्रा नव्हता. कॅननच्या मांजराची गोष्ट सांगताना कुत्र्याला वगळून चालत नाही ते याचसाठी. शरीर भावनेची शक्ती पुरवते, तिचा विषय बाहेरची परिस्थिती पुरवते.

दरम्यान लोणावळ्याच्या वाटेलाही तपासनीस भेटले. 1930 च्या दशकात येल विद्यापीठातला केरळी मानसशास्त्रज्ञ कोवूर बेहनन कैवल्यधामात राहून शिकला. त्याने 1937 च्या ग्रंथात प्राणायामाने मन निवते असे नोंदवतानाच, लगेच घेतलेल्या बौद्धिक चाचण्यांत वेग मंदावतो हेही लपवले नाही. 1957 मध्ये अमेरिकेहून मॅरियन वेंगर आणि बसुकुमार बागची हे नोंदयंत्र घेऊन भारतभर फिरले. लोणावळा त्यांच्या वाटेवर होतेच. हृदय थांबवतो म्हणणाऱ्यांना त्यांनी यंत्राला जोडले. श्वास कोंडून छातीचे आणि पोटाचे स्नायू आवळले की मनगटाची नाडी हरवे, पण हृदयाच्या विद्युत आलेखात ठोके शाबूत दिसत. चार जणांपैकी एकाने मात्र ठोके खरोखर मंद केले. आख्यायिका गळाली, तरी हाती काहीच उरले नाही असे नव्हे. इच्छेबाहेरच्या मानलेल्या क्रियांपर्यंत श्वास आणि स्नायूंच्या आडवाटेने पोचता येते, हे मोजमापाने उरले.

या आडवाटेचा रुग्णांसाठी उपयोग केला तो पुन्हा केईएमनेच. डॉ. के. के. दाते यांनी आपले सहकारी देशमुख आणि दळवी, तसेच कैवल्यधामशी संबंधित डॉ. एस. एल. विनेकर यांच्यासह रक्तदाबाच्या 47 रुग्णांना शवासन शिकवले आणि 1969 मध्ये ‘अँजिओलॉजी’त निष्कर्ष छापले. कृती साधी होती. उताणे पडायचे, पाय थोडे फाकलेले, हात अंगापासून जरा दूर. पोटाने संथ श्वास, प्रत्येक श्वासानंतर आणि उच्छ्वासानंतर अल्प विराम. लक्ष नाकपुड्यांशी: आत येणारी हवा गार, बाहेर जाणारी ऊन. रोज अर्धा तास. ज्यांना औषध चालू नव्हते अशांचा दाब उतरला, आणि औषध चालू असलेल्यांपैकी बऱ्याच जणांची मात्रा कमी करता आली. यावर आक्षेप उघड आहे. तुलनेसाठी शवासन न करणारा गट नव्हता, आणि वारंवार मोजल्यानेही दाब थोडा उतरतो. त्याचे उत्तर लंडनमध्ये मिळाले. भारतीय वंशाच्या डॉ. चंद्रा पटेल यांनी 1973 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये अशाच शिथिलीकरणाचे निष्कर्ष दिले आणि 1975 मध्ये चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून 34 रुग्णांवर चाचणी घेतली. शिथिलीकरण शिकलेल्यांचा दाब नुसती विश्रांती घेणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त उतरला. मुंबईचा धागा पक्का निघाला. त्यावरून योगाने सगळेच बरे होते असे म्हणणाऱ्यांना मात्र त्यात आधार नाही.

दात्यांचा लेख आला त्या दशकात पुण्याच्या उत्तरेला एक वेगळाच प्रयोग, कोणी प्रयोग न म्हणता, सुरू झाला होता. 1 ऑगस्ट 1962 रोजी एमआयडीसी स्थापन झाली आणि पिंपरी-चिंचवड-भोसरीच्या माळावर प्लॉट पडले. कुस्तीची परंपरा सांगणाऱ्या भोसरीत लेथ, प्रेस आणि फोर्जिंगचे आवाज उठू लागले. शेतीत कष्ट काय कमी होते, असा प्रश्न इथे हमखास विचारला जातो. कष्ट कमी नव्हतेच. पण शेतकऱ्याला औत केव्हा सोडायचे हे बहुधा स्वतः ठरवता येई. शिफ्टमध्ये ते घड्याळ आणि टार्गेट ठरवतात. हा फरक हळवेपणाचा नाही. अमेरिकेच्या रॉबर्ट करासेक याने 1979 मध्ये मांडले की नुसत्या जास्त कामापेक्षा, काम जास्त आणि ते कसे करायचे यावर अधिकार कमी, हे मिश्रण माणसाला अधिक झिजवते. साहेबांना टेन्शन जास्त, हा समजही ब्रिटनमध्ये तपासला गेला. 1967 पासून व्हाइटहॉलच्या सरकारी कर्मचाऱ्यांची पाहणी झाली. तीत हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीपेक्षा सर्वांत खालच्या श्रेणीत सुमारे तिप्पट आढळले. धूम्रपान, कोलेस्टेरॉल, रक्तदाब यांचा हिशेब वजा करूनही फरकाचा मोठा भाग उरला. लंडनचा कारकून म्हणजे भोसरीचा कंत्राटी कामगार नव्हे, हे खरे. पण सगळ्यांच्या नोकऱ्या पक्क्या असलेल्या कचेरीत उतरंडीचा एवढा परिणाम होत असेल, तर जिथे नोकरीच पक्की नाही तिथे तो कमी असेल असे मानायला कारण नाही.

पॉवर प्रेसवरचा माणूस पाहिला की हे सगळे एका जागी दिसते. हात डायखाली जाऊ नये म्हणून प्रेसला दोन बटणे असतात, एकमेकांपासून दूर. दोन्ही तळवे एकदम दाबले तरच रॅम खाली येतो. पत्रा ठेवायचा, बटणे दाबायची, जॉब काढायचा, पुन्हा पत्रा. सुरक्षेची सोय म्हणून ती उत्तमच आहे. पण अशा वेळी मागे उभे राहून कोणी काउंटवरून बोलू लागले की कॅननच्या मांजराला घडले ते सगळे त्या शरीरात घडते. ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन सोडतात, हृदय धावते, साखर रक्तात येते. झुंजण्याची आणि पळण्याची जय्यत तयारी होते, आणि दोन्ही तळवे बटणांवर असतात. झुंजलो तर नोकरी जाते, पळालो तरी जाते. तयारी वापरली जात नाही, फक्त पुन्हा पुन्हा होते. त्यात आठवड्याला शिफ्ट बदलत असेल, तर झोपेत दाब उतरण्याची जी रोजची सवलत शरीराला असते तीही विस्कटते.

मग वकिलांची मुळी आणि दात्यांचे शवासन निरुपयोगी होते काय? मुळीच नाही. दाब वाढलेल्या माणसाला गोळी हवी आणि अर्ध्या तासाचे शवासनही हवे. मालकाचे मन बदलेपर्यंत त्याच्या धमन्यांनी थांबायचे, असे म्हणणे निर्दयपणाचे होईल. पण दोन्ही उपाय सळईला मऊ करतात, भाराला हात लावत नाहीत, आणि त्यांच्या यशामुळेच भाराचा विषय मागे पडला. शॉप फ्लोअरवर धीर देताना आज सगळे म्हणतात, ‘लोड घेऊ नको.’ सल्ला मायेचा आहे, पण त्यात लोड ही जणू घेणाऱ्याची हौस आहे. निपाणीला 1927 मध्ये डॉक्टरांना हा सल्ला सुचला नव्हता. त्यांनी आधी दौरा रद्द केला.